‘शिथिलीकरण’ की ‘मुरणे’? धातुकाचेतल्या ऊर्जेचे शब्द

रानजाई: धातुकाचेवरचा एक लेख मराठीत आणतेय. धातुकाच म्हणजे वितळलेला मिश्रधातू इतक्या झटक्यात गार करायचा की अणूंना स्फटिकाच्या रांगा धरायला सवडच मिळत नाही. १९६० साली कॅलटेकमध्ये पोल डुवेझ यांच्या गटाने सोनं आणि सिलिकॉनची अशी काच केली, सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने गार करून. माझं वाक्य: ‘शिथिलीकरणाने अव्यवस्था घटते व साठवलेली ऊर्जा कमी होते.’ चालेल?

घिसाडी: ‘शिथिलीकरण’ नको, अर्थ उलटा होतो. शिथिल म्हणजे सैल. मूळ इंग्रजी शब्द रिलॅक्सेशन, त्यात तर ही काच मऊ पडण्याच्या तापमानाखाली तापवत ठेवली की अणू किंचित जवळ येतात, घनता जराशी वाढते. पोहे ओतले की डबा काठोकाठ भरतो, दोनदा आपटला की बोटभर जागा होते, तसं. ‘बसणे’ म्हणा.

रानजाई: ‘काच बसली’ म्हणजे खिडकीला बसली वाटेल.

घिसाडी: मग ‘मुरणे’.

चकली: लोणचं मुरलं की चव येते. ही काच मात्र ठिसूळ होते.

घिसाडी: भिंतीत पाणी मुरतं, तेव्हा कुठे भलं होतं?

चकली: बरं, मान्य. पण ‘अव्यवस्था’ही खटकतं. प्रत्येक अणूचा शेजार बराचसा ठरलेला असतो, दूरवर जाणारी रांग तेवढी नसते. ‘विस्कळीत रचना’ बरं.

घिसाडी: ऊर्जेच्या संदर्भात मला ‘अवघडलेले अणू’ आवडेल. एस्टीत दाटीवाटीत पाय आखडून बसल्यासारखे. जितकं झटकन गार केलं तितके जास्त अवघडलेले, तितकी ऊर्जा आत अडकलेली. नंतर तापवताना ती उष्णता होऊन बाहेर पडते आणि मोजताही येते. म्हणून ‘साठवलेली’ नव्हे, ‘साठलेली’. कुणी मुद्दाम ठेवलेली नाही ती.

रानजाई: पण लेखात स्प्रिंगसारख्या ऊर्जेचंही आहे.

घिसाडी: ती वेगळी, ताणल्यावर येणारी, तिथे ‘साठवलेली’च बरोबर. नेहमीच्या धातूच्या स्फटिकात अणूंच्या ओळींमधला दोष सरकतो आणि धातू लवकर कायमचा वाकतो. इथे ओळीच नाहीत, म्हणून सरकायला तसा दोषही नाही. धातुकाच सुमारे २ टक्के ताणली तरी मूळ आकारात परतते, नेहमीचे मिश्रधातू बहुतेक १ टक्क्याच्या आतच हार मानतात. गोल्फच्या काठीचं डोकं हिचं करून पाहिलं ते म्हणूनच. दोन्ही ऊर्जांना एकच शब्द वापरलात तर वाचक घोटाळणार.

चकली: आणि मुरलेली काच परत पूर्ववत करतात त्याला? २०१५ साली द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांना, पुन्हापुन्हा बुडवून आणि परत खोलीच्या तापमानाला आणून केलं होतं. ऊर्जा वाढली, ठिसूळपणा घटला. ‘पुनर्यौवन’ फारच जाहिरातीतलं वाटतं.

रानजाई: ‘नव्हाळी’! काचेला नव्हाळी आली. घेतला. सुधारलेलं वाक्य: ‘धातूकाच मुरली की तिच्यात साठलेली ऊर्जा कमी होते.’

चकली: ‘धातुकाच’. समासात ऱ्हस्व.