२०२४ चे इंडी अल्बम: नवरात्राच्या चाळणीत कोण उरलं?

अपडाऊनवाला

बडोदा-अहमदाबाद रोज अपडाऊन करणाऱ्याला गाणी ऐकायला वेळ भरपूर. बाजवा गेलं की हेडफोन लावायचे, महीचा पूल, आणंद, नडियाद, आणि मणिनगर आलं की काढायचे. २०२४ मध्ये याच रस्त्यावर मी बरेच इंडी, म्हणजे मोठ्या संगीत कंपन्यांबाहेरचे, अल्बम ऐकले. सप्टेंबरपर्यंत माझ्या यादीत दहा-बारा होते आणि सगळेच थोर वाटत होते. मग ऑक्टोबरात नवरात्र आलं. त्या नऊ रात्री आपल्या गावात दुसरं काही कानात शिरतच नाही. रात्री मैदानावर जो ठेका, तोच सकाळी दात घासताना डोक्यात. दसऱ्यानंतरच्या सोमवारी गाडीत बसलो, यादी उघडली, तर निम्म्याहून जास्त नावांवर बोट थांबेचना.

आता श्रावण चालू आहे, पुढचं नवरात्र तोंडावर आलंय. माझ्याकडे पूर्ण उरले ते दोन.

पहिला एड्रियन लेंकर या अमेरिकी गायिकेचा 'ब्राइट फ्यूचर', मार्च २०२४. जंगलातल्या एका स्टुडिओत थेट टेपवर ध्वनिमुद्रित केलेला. पहिलंच गाणं 'रिअल हाउस': पियानो, आणि लहानपणी एका खऱ्याखुऱ्या घरात राहायला गेल्याची आठवण. शेवटी घरातलं कुत्रं जातं आणि ती आईला पहिल्यांदा रडताना बघते. आधी मला हे गाणं फार संथ वाटलं होतं, दोनदा पुढे ढकललं. त्यानंतर आमचा दांडिया बाजारातला वाडा विकला गेला. चौकातला हौद, आजीचं लाकडी कपाट, सगळं. किल्ल्या देऊन आल्यावर वडील काही बोलले नाहीत, फक्त अंगणात चपला काढायच्या सवयीनं फ्लॅटच्या दाराबाहेर बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी हे गाणं लागलं आणि आणंद येईपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

दुसरा गायिका अरूज आफताबचा 'नाइट रेन' (राज्य या अर्थाचं रेन, पाऊस नव्हे), मे २०२४. रात्री परतताना वासदनंतर अंधार पडला की याच्याशिवाय दुसरं काही लावावंसं वाटत नाही.

पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या दिल्लीच्या बँडचा 'बीटा' अर्धा टिकला. सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली', ज्याचं जगभर एवढं कौतुक झालं, तो माझ्यापुरता गळाला. बत्तीस गाणी, दोन तास. माझा एका बाजूचा पूर्ण प्रवास, आणि उतरल्यावर एकही गाणं आठवत नाही.

तुमच्याकडे काय उरलं?

कारेलीबागेतून

'डायमंड ज्युबिली' तुम्ही चुकीच्या जागी ऐकलात. तो अल्बम आला तेव्हा कुठल्याही स्ट्रीमिंग अ‍ॅपवर नव्हता. एका जुनाट दिसणाऱ्या वेबसाइटवरून उतरवून घ्यायचा, नाहीतर यूट्यूबवर दोन तासांची एकच अखंड फीत. ना जाहिरात, ना व्हिडिओ. मी तो लॅपटॉपवर उतरवला, फोल्डर उघडून गाणी क्रमानं लावली, पावसात वीज गेली तेव्हा बॅटरीवर ऐकला. साठच्या दशकातल्या रेडिओचा आवाज लांबून, भिंतीपलीकडून यावा तसं ते वाजतं. गाणं आठवत नाही म्हणता, पण आमच्याकडे आषाढात चार दिवस सतत झड लागते, त्यातली कुठली सर आठवते? झड आठवते. तो दोन तासांचा हवामानाचा तुकडा आहे. त्याला एकेका गाण्याचा हिशेब लावू नका.

अपडाऊनवाला

झडीचं पटलं, पण निम्मंच. गाळणी लावणं हेही कलाकाराचं काम आहे. बत्तीसातली चौदा ठेवली असती तर मी आज त्या अल्बमसाठी भांडलो असतो.

कारेलीबागेतून

आणि कुठली चौदा ठेवायची यावरून आपण दोघंच भांडलो असतो. म्हणून बत्तीस आहेत ते बरं.

रावपुऱ्याचा तानपुरा

'नाइट रेन' टिकला म्हणताय, म्हणून मुद्दाम लावून बघितला. मी चाळीस वर्षं घरी मुलांना गाणं शिकवते, स्वतः सूरसागरच्या काठी संगीत महाविद्यालयात शिकले, तेव्हा माझं मत कडक असणार हे धरून चाला. बाईचा आवाज मोठा गुणी आहे. खर्जाकडे इतकी शांत उतरते की हेवा वाटावा. पण 'रात की रानी' मध्ये त्या आवाजावर ऑटोट्यून, ते सूर आपोआप जागेवर ओढणारं यंत्र, का? मींड म्हणजे एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाताना मधली सगळी वाट दाखवणं. यंत्र त्या वाटेच्या पायऱ्या करतं. ज्या गळ्याला मींड येते त्यानं पायऱ्या का घ्याव्यात? ज्या गावात आग्रा घराण्याचे फैयाज खाँसाहेब गायले, त्या गावात हे कानाआड करता येत नाही. माझ्या लेखी हा अल्बम तिथेच पडला.

मकरपुरा रोड

ताई, मी आयुष्यभर तेल शोधायच्या कामात सिस्मिक डेटा बघत आलो, म्हणून हे सांगायचा मोह आवरत नाही. ऑटोट्यून बनवणारा अँडी हिल्डेब्रँड आमच्याच धंद्यातला. जमिनीत लहरी सोडायच्या, परत येणाऱ्या लहरींवरून खाली काय आहे ते ताडायचं, हे त्याचं काम. तेच गणित त्यानं आवाजाला लावलं आणि १९९७ मध्ये ते बाजारात आलं. सांगायचा मुद्दा असा की त्यात सूर किती झटकन ओढायचा याचं एक बटण असतं. हळू ठेवलं तर मींड बरीचशी शाबूत राहते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. झटकन ठेवलं तर तुम्ही म्हणता त्या पायऱ्या होतात. म्हणजे इथे जे ऐकू येतं ते लपवण्यासाठी केलेलं नाही. बाईंनी मुद्दाम ऐकू येईल असं ठेवलंय. गळ्यातली चूक झाकणारे बटण हळू ठेवतात.

रावपुऱ्याचा तानपुरा

हे मला माहीत नव्हतं, आभार. पण मुद्दाम केलं म्हणून ते सुंदर होत नाही. मुद्दाम केलं म्हणजे जबाबदारी आणखी वाढली.

खंडेराव मार्केट

मुळात 'नाइट रेन' इंडी कसा? तो व्हर्वचा आहे, आणि व्हर्व हे युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीच्या घरातलं लेबल. तिचा २०२१ चा 'व्हल्चर प्रिन्स' छोट्या लेबलवर आला होता, त्यातल्या 'मोहब्बत' ला ग्रॅमी मिळालं, मग मोठं घर मिळालं. चांगलंच झालं तिचं. पण इंडी म्हणू नका.

अपडाऊनवाला

लेबलचं मान्य. यादीचं नाव बदलतो, अल्बम नाही काढत.

फतेहगंज हॉस्टेल

दादा, तुमच्या यादीत आपल्याकडचं फक्त अर्धं नाव, आणि तेही अर्धंच टिकलेलं! 'बीटा' ऑगस्ट २०२४ मध्ये आला तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो, मेसमध्ये कोणी ओळखीचं नव्हतं. 'पीपल नेव्हर चेंज' लावून कॅम्पसभर फिरायचो. त्यांच्या ट्रम्पेटमध्ये वरातीच्या बँडची ऊब आहे, रात्री अकराला बँडवाले दमून शेवटचं गाणं वाजवतात ना, तसली. दिल्लीतली ही मुलं २००९ पासून वाजवतायत आणि त्यांना परदेशात ऐकणारे आपल्याकडच्यांपेक्षा आधी मिळाले, याचं मला वाईट वाटतं. २०१९ चा 'बिस्मिल्लाह' अजून वरचा आहे हे कबूल. पण 'बीटा' गळाला म्हणणं अन्याय आहे.

दुसरं म्हणजे अल्बम हे मोजमापच तुमच्या पिढीचं. २०२४ मध्ये आमच्या खोलीत सगळ्यात जास्त वाजलेलं मराठी गाणं कुठलं? 'तांबडी चामडी'. क्रेटेक्स आणि श्रेयस. हाउस म्हणजे क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर मराठी, आणि स्पिनिनसारख्या डच लेबलनं काढलेलं. माझा रूममेट राजकोटचा, दुसरा पाटण्याचा, दोघांना मराठीचा गंध नाही, दोघं तोंडपाठ म्हणतात. त्याला अल्बम नाही, एकच गाणं. मग ते टिकलं नाही का?

अपडाऊनवाला

अर्धा म्हणालो, गळाला नाही म्हणालो. पण का अर्धा ते सांगायला हवं. त्यांचा गायक सूर्यकांत साहनी इंग्रजीत गातो तेव्हा आवाज फार देखणा असतो, कोट घालून आल्यासारखा. लिफाफा या नावानं त्यानं २०१९ मध्ये 'जागो' काढला, हिंदीत. तिथे तो घरातल्या कपड्यांत आहे. मला 'बीटा' मध्ये तो घरातला माणूस निम्म्या गाण्यांत भेटला आणि निम्म्यांत नाही.

एका गाण्याबद्दल म्हणशील, तर मला अल्बम लागतो याचं कारण 'रिअल हाउस' च आहे. ते एकटं कुणी यादीत टाकून पाठवलं असतं तर मी तिसऱ्यांदाही पुढे ढकललं असतं. पुढची गाणी ऐकायची होती म्हणून ते सोसलं, आणि मग ते माझं झालं. सुटं गाणं लगेच आवडावं लागतं. ज्याला वेळ लागतो त्याला कोण थांबवून घेणार?

रावपुऱ्याचा तानपुरा

इथे मात्र मी या मुलाच्या बाजूनं. फैयाज खाँसाहेब १९५० मध्ये गेले. त्यांचं जे घरोघरी पोहोचलं ते ७८ च्या तबकड्यांवर, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. नटबिहागाची तबकडी माझ्या सासऱ्यांकडे होती. मैफलीत तासभर मांडायचा राग त्या माणसानं एवढ्याशा जागेत असा बसवला की आलाप, बोल, तान, काही राहिलं नाही. ते सुटं गाणंच होतं की. आणि ते पहिल्यांदा ऐकून कळतं असंही नाही, मला तो नोमतोमचा, म्हणजे तालाशिवायच्या आलापाचा, दम कळायला पंधरा वर्षं लागली. तेव्हा थांबवून घेतं ते गाणं. अल्बमच्या पुठ्ठ्याचं ते काम नाही.

अरे बाळा, ते तांबडी चामडी माझ्या नातीनं ऐकवलंय. ठेका पक्का आहे.

फतेहगंज हॉस्टेल

काकू, एवढ्यावर आज मेसमध्ये सेव उसळीची पार्टी!

कारेलीबागेतून

वॅक्साहॅची या अमेरिकी गायिकेच्या 'टायगर्स ब्लड' चा विषय कोणीच काढला नाही. सकाळी कॉफी करताना अजून लावतो. मोठं विधान काही नाही, पण एकही गाणं वगळावंसं वाटत नाही.

मकरपुरा रोड

ताई, एक विनंती. 'रात की रानी' बाजूला ठेवा आणि त्याच अल्बममधलं 'ना गुल' ऐका. शब्द माह लका बाई चंदाचे आहेत. अठराव्या शतकातली हैदराबादची, निजामाच्या दरबारातली कवयित्री आणि गायिका. दरबारी गाणं हा तर तुमचा प्रांत.

रावपुऱ्याचा तानपुरा

ऐकलं, काल दुपारी एकदा आणि रात्री तानपुरा जुळवून झाल्यावर एकदा. दुपारी मी शब्दच पकडत बसले होते. दोनशे वर्षांमागच्या एका बाईनं लिहिलेलं दुसरी बाई ब्रुकलिनमध्ये बसून गाते आणि कुठेही घाई करत नाही. रात्री शब्द सोडून दिले. ती जागा सोडते ना दोन ओळींच्या मध्ये, तिथे तालीम दिसते. माझ्या विद्यार्थ्यांना ती जागा सोडायला शिकवताना माझा जीव जातो.

ऑटोट्यूनबद्दलचं मत बदललेलं नाही. पण गुरुवारच्या मुलांना 'ना गुल' ऐकवणार आहे.

अपडाऊनवाला

ताई, गुरुवारी किती वाजता? मी सुट्टी टाकतो.