सुती कपडे आणि त्वचा: सांगली-साताऱ्याकडचे अनुभव लिहा

मंडळी, उन्हाळा तापला की आमच्या सांगलीत घरोघरी घामोळ्या. कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा सहज धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही; मग घाम अंगावरच राहतो. कपडे बदलून तुमच्या त्वचेला काय फरक पडला? सविस्तर लिहा, इतरांना उपयोग होईल.

मिरज, एक आई
बाळाला भेट आलेली झबली चकचकीत, जाळीची. मानेच्या वळ्यांत, काखेत पुरळ उठलं. सासूबाईंनी धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं फाडून झबली शिवली. शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवली, म्हणजे कोवळ्या अंगाला घासत नाही. पुरळ बसलं.

तासगाव, द्राक्षबागायतदार
जांघेत नायटा झाला होता. डॉक्टरांनी सैल सुती कपडे सांगितले, टॉवेल वेगळा ठेवायला लावला. पण नुसत्या कपड्यानं नायटा जात नाही, औषधाचा कोर्स पुरा करावाच लागतो. आणि मेडिकलमधून मनानं स्टेरॉइडचं मलम आणू नका. खाज थांबते, नायटा आतून पसरतो.

विटा, यंत्रमागवाले
ताई, 'कॉटन' म्हणून विकलं जाणारं बरंच कापड मिसळीचं असतं. शिवणीच्या आतला उभा-आडवा एकेक धागा काढा, चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळून भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी धरतं. हाताला चटका बसतो, जपून. नवं कापड धुतल्याशिवाय अंगात घालू नका. कांजी असते, आणि सुरकुती न पडणाऱ्या कापडावरच्या रसायनात फॉर्माल्डिहाइड असू शकतं, ते काहींच्या कातडीला सोसत नाही.

पाटण
आमच्याकडं पावसाळ्यात उलटी गत. सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि दमट कपडा अंगावर म्हणजे खाजेला आमंत्रण. भातलावणीला आम्ही पटकन वाळणारं पातळ कापडच घालतो. घरी आलं की अंग खडखडीत पुसायचं, मग इस्त्री फिरवलेला सुती कपडा.

दहिवडी
धाकट्याला इसब आहे. त्याला घोंगडं थेट अंगाला लागलं की रात्रभर खाजवतो. लोकरही नैसर्गिकच, पण जाड धागा टोचतो. आम्ही घोंगड्याला आतून जुन्या धोतराचं अस्तर लावलंय. इसबाच्या मुलांसाठी थंडीत आणखी कुणी काय वापरतं?