मदत हवी आहे : गाणं तेच, मग बॅन्जो गेला कुठे?

नमस्कार मंडळी,

इथे इंग्रजी गाण्यांचे बरेच दर्दी आहेत म्हणून विचारते. विषय अमेरिकन कंट्री संगीताचा (तिकडचं गावाकडच्या वळणाचं संगीत) आहे आणि माझी त्यातली मजल कॉलेजच्या सहलीत शेकोटीभोवती 'टेक मी होम, कंट्री रोड्स' ओरडण्यापुरती. तेव्हा अगदी बाळबोध उत्तर दिलंत तरी चालेल.

लेक आठवीत आहे, गिटार शिकते. सरांनी टेलर स्विफ्टचं 'लव्ह स्टोरी' बसवायला दिलंय. त्यांनी पाठवलेल्या गाण्यात सुरुवातीलाच बॅन्जो (डफासारख्या पोटाचं तंतुवाद्य) टणटणतो, पुढे फिडल ऐकू येतं (व्हायोलिनच ते, पण कंट्रीवाले फिडल म्हणतात, असं लेकीनं मला सुनावलं). माझ्या जुन्या पेन ड्राइव्हवर तेच गाणं आहे, त्यात हे दोन्ही गायब! रात्री जेवणं झाल्यावर ओट्याशी उभी राहून दोन्ही चार-चार वेळा ऐकली. आवाज तोच, शब्द तेच, श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. फक्त गिटार आणि ड्रम पुढे आलेत. म्हणजे हे दुसऱ्या कुणी गायलेलं नाही. टेलरनं 2021 मध्ये गाणं नव्यानं रेकॉर्ड करून काढलं हे ठाऊक आहे, पण माझी फाइल त्याच्या कितीतरी आधीची आहे.

यावरून एक जुनं भांडण आठवलं. आमच्या मामानं लंडनहून कंट्री गायिका शनाया ट्वेनच्या 'अप!' अल्बमचा संच आणला होता. त्यातली गाणी मला चक्क हिंदी सिनेमाच्या थाटात ऐकल्याची आठवते. ताल आपल्याकडचा, मागे व्हायोलिनांचा ताफा. मामेभाऊ म्हणतो, तू झोपेत ऐकलं असशील. आता शोधायला जावं तर दर वेळी तेच नेहमीचं गाणं पुढ्यात येतं, आणि खाली लोक 'हे खरं कंट्री की नाही' यावर एकमेकांच्या झिंज्या उपटत असतात.

थोडंफार वाचलं त्यात एवढं कळलं की लोनस्टार या कंट्री बँडचं 'अमेझ्ड' 2000 साली पॉपच्या यादीत पहिलं आलं तेही वेगळं मिक्स (आवाज-वाद्यांची वेगळी जुळवणी) करून. त्याआधी कंट्रीवाल्यांना हे जमलं होतं थेट 1983 मध्ये, केनी रॉजर्स आणि डॉली पार्टनच्या 'आयलंड्स इन द स्ट्रीम'ला. आणि ते गाणं लिहिलंय बी जीजनी! डिस्कोवाल्यांनी!! इथे माझं डोकं भंजाळलं.

तर हा काय प्रकार आहे? एकाच गाण्याचे दोन अवतार मुद्दाम काढतात का? अशा आणखी जोड्या माहीत असतील तर सांगा, लेकीला एकापाठोपाठ ऐकवायच्या आहेत. आणि तो हिंदी थाटाचा अल्बम खरंच होता की मी भ्रमिष्ट आहे?

तारसप्तक :
भ्रमिष्ट नाही. मामाकडे दोन तबकड्या असणार, लाल आणि निळी. 'अप!' 2002 चा. 19 गाणी आणि त्यांची तीन रूपं. लाल म्हणजे पॉप, हिरवी म्हणजे कंट्री, निळी म्हणजे तुम्ही म्हणता ती. निळीवर बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड दुग्गल या भावांनी काम केलंय. अमेरिकेत लाल-हिरवी जोडी विकली, बाहेर लाल-निळी. निर्माता मट लँग, तेव्हाचा शनायाचा नवरा. एसी/डीसी या रॉक बँडचं 'बॅक इन ब्लॅक' करणारा हाच गडी, त्यामुळे पॉपची नाडी त्याला नेमकी सापडली होती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, मुद्दामच. अमेरिकेत रेडिओ स्टेशनांचे कप्पे ठरलेले. कंट्रीचं स्टेशन वेगळं, पॉपचं वेगळं. पॉपवाल्याला धास्ती की स्टील गिटार (आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी सरकवत वाजवतात ती, कंट्रीची खूण) कानावर पडली की ऐकणारा बटण फिरवणार. मग कंपनी गायिकेचा आवाज तसाच ठेवते आणि मागची वाद्यं बदलून दुसरं मिक्स पॉप स्टेशनांना पाठवते. तुमच्या पेन ड्राइव्हवर तेच आहे. बॅन्जोचं 2008 चं गाणं कंट्रीसाठी, बिनबॅन्जोचं पॉपसाठी. जोड्या हव्यात तर 'अमेझ्ड' घ्याच. शनायाचं 'यू आर स्टिल द वन'ही दोन्ही तऱ्हांनी मिळेल.

पण मला उलटा किस्सा जास्त आवडतो. 1977 मध्ये डॉली पार्टननं 'हिअर यू कम अगेन' केलं. गाणं मुळातच पॉप. घरची माणसं, म्हणजे कंट्रीचे श्रोते, रुसतील म्हणून तिनं हट्टानं त्यात स्टील गिटार घालायला लावली. पॉपमध्ये तिसरं आलं, कंट्रीत पहिलं. लेकीला हे आधी ऐकवा, स्टील गिटार कान देऊन शोधायला सांगा.

मांडवीकाठ :
दोन मिक्स हे अलीकडचे चोचले. आमच्या गोव्यातल्या, पणजी शहरातल्या घरी आजोबांचा देव म्हणजे कंट्री गायक जिम रीव्हज. 'ही'ल हॅव टू गो' 1960 मध्ये कंट्रीत पहिलं आणि पॉपमध्ये दुसरं होतं, एकाच रेकॉर्डवर! रॉक अँड रोल आल्यावर कंट्रीचा धंदा बसू लागला, तेव्हा कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल, स्टील गिटार बाजूला सारून मऊ वाजणारा व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस आणला. म्हणजे बॅन्जो काढायची खोड जुनीच. रीव्हज तर माइकला ओठ टेकवल्यासारखा हळू गातो. नाताळात आमच्याकडे अजून तोच लागतो.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार! तारसप्तक, आज मामीला माळ्यावरचा खोका काढायला लावला. कव्हर फाटलंय, लाल तबकडीवर ओरखडेच ओरखडे, पण निळी शाबूत निघाली. सीडी प्लेअर शेजारच्या काकांकडून आणला. मामेभावाला लगेच फोन लावून ऐकवलं. म्हणाला, आवाज तुटतोय, नंतर बोलू.