मदत हवी आहे: थिकनेसरमधून तुकडा मागे उडाला, नेमकं काय चुकलं?

नमस्कार मंडळी,

रविवारी आमच्या गाळ्यात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून मी थिकनेसरचा, म्हणजे फळी रंधून एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनचा, प्लग काढून ठेवलाय. थोडं सविस्तर लिहिते, म्हणजे जाणकारांना चूक पकडता येईल.

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. पाडकाम सुरू झालं तेव्हा बाबांनी कंत्राटदाराकडून आमच्याच दोन खोल्यांवरचे वासे आणि एक तुळई विकत घेतली. जुना बर्मा साग. बाबांचा जन्म सुतारकामात गेला, आता वय ७१. या लाकडाचं नव्या घरासाठी जेवणाचं टेबल करायचं आणि उरलेल्या तुकड्यांतून चुलतभावंडांना एकेक पेटी द्यायची, असं आम्हा दोघांचं ठरलंय. गोरेगावला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मामांचा गाळा आहे, त्याच्या मागच्या भागात काम चालतं. मी एक १३ इंची थिकनेसर जुना घेतला, टेबलावर ठेवायचा, सिंगल फेजवर चालणारा. त्यासोबत माहितीपुस्तिका मिळाली नाही.

त्या दिवशी पेटीसाठीचे तुकडे काढत होते. साधारण ९ इंच लांब, ३ इंच रुंद. वेळ वाचावा म्हणून दोन-दोन तुकडे शेजारी ठेवून आत सरकवत होते. बाबा माझ्या मागे उभे राहून पुढचे तुकडे हातात देत होते. एका जोडीला आतून एकदम कर्कश आवाज आला आणि एक तुकडा माझ्या कमरेजवळून मागे गेला. बाबांच्या गुडघ्याच्या वीतभर बाजूने जाऊन तो शटरवर आपटला. पत्र्याला पोचा पडलाय. बाबा काहीच बोलले नाहीत, तुकडा उचलला, उलटसुलट करून बघितला आणि खाली ठेवला. माझे मात्र हात बराच वेळ थरथरत होते. तो पत्रा मी रोज बघते आणि त्या जागी बाबांचा गुडघा दिसतो.

प्रश्न असे:

तुकडा उडाला कशामुळे? मी २ मिलिमीटर काढायला लावले होते, ते जास्त झाले का?

दुसरं, टेबलाच्या फळ्यांना पीळ आहे. बाबा एक डोळा मिटून फळीवरून नजर टाकतात आणि लगेच सांगतात. मला वाटलं होतं की थिकनेसर तो काढेल. दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा फिरवूनही फळी तशीच पिळलेली बाहेर येते, फक्त बारीक होते.

आणि प्रत्येक फळीच्या टोकाला दोन-अडीच इंचांवर एक खळगा पडतो, तोही कसा टाळायचा ते सांगा.

लाकडात खिळे आहेत, काही वाशांवर जुना हिरवा ऑइलपेंट आहे. गाळ्यात भुसा तर इतका होतो की संध्याकाळी बाबांना खोकला येतो. ज्यांनी हे मशीन वापरलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी बाबा आणि तुम्ही सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. एकच विचारतो: त्या जोडीतले दोन्ही तुकडे अगदी एका जाडीचे होते का? उडाला तो जाड होता की बारीक?

धागाकर्ती

आत्ताच मोजून आले. उडालेला तुकडा जवळजवळ १ मिलिमीटरने बारीक आहे. एवढ्याशा फरकाने होतं का असं?

प्रतिसाद १

हो, एवढ्याशानेच होतं. पुढचा रोलर स्प्रिंगवर असतो आणि पूर्ण रुंदीचा एकच दांडा असतो. जाड तुकडा आत गेला की तो रोलर वर उचलतो. शेजारच्या बारीक तुकड्यावर मग दाबच उरत नाही. तुम्ही २ मिलिमीटर लावले होते, म्हणजे बारीक तुकड्याला ब्लेड १ मिलिमीटर लागणारच, पण त्याला धरायला कुणी नाही. ब्लेडचा दंडगोल लाकडाच्या चालीच्या उलट फिरत असतो, त्यामुळे सुटा तुकडा थेट तुमच्या दिशेने फेकला जातो. म्हणून एका वेळी एकच तुकडा. हा नियम कधीही मोडू नका.

दुसरं कारण लांबी. ब्लेडच्या अलीकडे एक रोलर, पलीकडे एक. तुकडा एका रोलरच्या पकडीतून सुटण्याआधी दुसऱ्याच्या पकडीत गेला पाहिजे. तुमचे ९ इंच या मशीनला फारच कमी आहेत. टेबलावरच्या बऱ्याच मशीनांना किमान १२ ते १४ इंच लागतात. तुमच्याकडे पुस्तिका नाही, तर त्याच मॉडेलची कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा. मिळेपर्यंत १५ इंचांखालचं काहीच घालू नका. पेटीसाठी लांब पट्टीच रंधून घ्या आणि मग कापा.

तिसरं, मशीन पुढून वाकून बघा (प्लग काढून!). पुढच्या रोलरच्या बाजूला ओळीने लोखंडी नखं लोंबत असतील. लाकूड मागे येऊ लागलं की ती त्यात रुततात. जुन्या मशीनमध्ये चीक आणि भुसा बसून ती वरच अडकतात. प्रत्येक नख बोटाने उचलून सोडा, आपल्या वजनाने खाली पडलं पाहिजे.

आणि मशीनच्या तोंडासमोर कुणीही उभं राहायचं नाही. फळी आत धरली की तुम्ही बाजूला व्हा. बाबांना दुसऱ्या टोकालाही बाजूनेच उभं करा.

प्रतिसाद २

पिळाबद्दल लिहिते. माझा सगळा फर्निचरचा व्यवसाय जुन्या लाकडावर आहे, बराच माल ओशिवऱ्याच्या जुन्या बाजारातून येतो, त्यामुळे पिळाशी रोजची गाठ.

थिकनेसर फळी सरळ करत नाही. तो फक्त वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करतो. रोलर पिळलेल्या फळीला दाबून तात्पुरतं सपाट करतात, ब्लेड फिरतं, आणि बाहेर पडताच फळी पुन्हा पूर्ववत होते. म्हणून एक बाजू आधी सपाट हवी. वखारीत किंवा मोठ्या वर्कशॉपमध्ये हे काम रंधा मशीनवर करतात, तेच ज्याचं पातं टेबलाच्या मधून वर येतं. ते तुमच्याकडे नसेल तर पाटाची युक्ती करा. १८ मिलिमीटरचा सपाट प्लाय घ्या, फळीपेक्षा थोडा लांब. फळी त्यावर ठेवली की दोन कोपरे अधांतरी राहतील. तिथे बारीक पाचरी सरकवा, फळी हलायची थांबली की पाचरी गरम गोंदाने प्लायला आणि फळीला चिकटवा. पाटाच्या पुढच्या टोकाला एक बुटकी पट्टी मारा, म्हणजे फळी पाटाला ओढत नेईल. पट्टी ब्लेडच्या खूप खाली हवी आणि तिला खिळा नको, फक्त गोंद. आता पाट आणि फळी एकत्र आत घाला, एका वेळी अर्धा मिलिमीटर. वरची बाजू पूर्ण साफ झाली की फळी पाटावरून काढा, उलटी करा आणि पाटाशिवाय घाला.

शेवटी दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढा. एकाच बाजूने काढत गेलात तर आतला ओलावा उघडा पडतो आणि फळी आठवड्यात वाकते. मुंबईच्या हवेत तर पावसाळ्यात रंधलेली फळी पेटीत बसेपर्यंत बदललेली असते. रंधून झाल्यावर मध्ये चिपा ठेवून थर लावा, दोन्ही बाजूंना हवा लागू द्या.

टोकाचा खळगा फळी एकाच रोलरच्या पकडीत असताना पडतो. आत जाताना आणि बाहेर येताना फळीचं बाहेरचं टोक हाताने केसभर उचलून धरा. तरी फळी प्रत्येक टोकाला ३ इंच जास्तच ठेवा आणि नंतर टोकं कापून टाका.

प्रतिसाद ३

ऑइलपेंट लागलेली बाजू थिकनेसरमध्ये अजिबात घालू नका. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. चाळीचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. तो रंधलात की शिशाची धूळ गाळ्यात आणि छातीत. कोरडा घासूही नका, जाळूही नका. रंग काढायचं रसायन लावा, मऊ झालेला थर खरवडून कागदात गुंडाळून वेगळा ठेवा. लहान मुलं घरी असतील तर कामाचे कपडे गाळ्यातच बदला.

लाकडाचा भुसाही साधा समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. सागाच्या धुळीने काहींना त्वचेवर पुरळही येतं. बाबांना खोकला येतोय, म्हणजे आजपासूनच मशीनमधून भुसा बाहेर पडतो त्या तोंडाला ४ इंची पाइपचा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून घेणारं यंत्र) जोडा, दोघांना एन ९५ मास्क. कानाला मफ हवेतच, अशा मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो.

प्रतिसाद १

खिळ्यांचं राहिलं. डोकं तुटलेला खिळा दिसत नाही, पण लोखंडाभोवती साग काळा पडतो, ते डाग शोधा. मग चुंबक फिरवा, शक्य असेल तर हातातला मेटल डिटेक्टर घ्या. एका खिळ्याने सगळी ब्लेडं दातेरी होतात, तुकडा उडू शकतो आणि ठिणगी कलेक्टरच्या भुशात गेली तर आगच.

हातमोजे घालू नका, कापड रोलरने ओढलं तर हातही जाईल. गळ्यातली साखळी, ओढणी काढून ठेवा. आत अडकलेली ढलपी काढायची तर आधी प्लग काढा आणि दंडगोल पूर्ण थांबू द्या, तो बटण बंद केल्यावरही बराच वेळ फिरतो. पातळ एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तो बदला, १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जाड वायरनेच मशीन चालवा.

धागाकर्ती

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी प्लग काढून टॉर्च लावून बघितलं. नऊ नखांपैकी पाच वरच चिकटलेली होती. रॉकेलच्या बोळ्याने साफ केली, आता सगळी पडतात. ज्याच्याकडून मशीन घेतलं त्याने "सर्व्हिस करून दिलंय" असं सांगितलं होतं आणि मी ते उघडून बघितलं नाही, ही चूक माझी.

प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. पाटाची युक्ती ऐकून ते उठले आणि दोन सरळ पट्ट्या घेऊन आले. फळीच्या दोन्ही टोकांना आडव्या ठेवून एकीवरून दुसरीकडे बघितलं की पीळ किती ते मिलिमीटरात कळतं, पाचर तेवढीच करायची. मी एवढी वर्षं त्यांना हे करताना बघितलं होतं, विचारलं कधी नव्हतं.

पेटीचे कापून ठेवलेले ९ इंची तुकडे आता मशीनमध्ये जाणार नाहीत. बाबांनी ते स्वतःकडे घेतलेत, हातरंध्याने करतो म्हणाले. दिवसाला तीन होतात, पण अगदी गुळगुळीत. शटरसमोर मी पिवळी पट्टी मारली आहे, मशीन चालू असताना तिच्या आत कुणी यायचं नाही.

एकच प्रश्न उरलाय. ब्लेडांवर दोन ठिकाणी बारीक खाचा दिसताहेत. अशा पातळ, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडांना पुन्हा धार लावून मिळते का, की ती उलटून लावायची आणि नंतर नवीच घ्यायची? शनिवारी नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारात जाणार आहे, तिथे काय मागायचं ते कुणाला ठाऊक असेल तर लिहा.