दुःखात कुत्र्याची सोबत: आधार की फॅड?

गोदाकाठ
नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर एक सूचना आली आहे. वर्षभरात ज्यांच्या घरचं कोणी गेलंय, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी तासभर दोन शिकवलेले लॅब्रेडॉर आणायचे. कुरवाळायचं, वाटलं तर बोलायचं. औषध नाही, समुपदेशन नाही. माझं मत, व्हायला हवं. आई गेली तेव्हा तेरा दिवस घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवसापासून बाबा आणि टीव्ही. भेटेल तो "सावरा आता" म्हणतो. कुत्रं तेवढं म्हणत नाही.

पंचवटीकर
स्पष्ट बोलतो, राग नसावा. जिथे कुठून कुठून लोक अस्थी घेऊन येतात त्या रामकुंडाच्या गावात आता दुःखासाठी कुत्री भाड्याने? लेकाने फोन करावा, शेजाऱ्याने चहाला बोलवावं. ते होत नाही म्हणून ही थेरं. आणि तासाचे पैसे किती, ते सूचनेत नाहीच.

गोदाकाठ
त्याच रामकुंडावर दशक्रियेला पिंडाला कावळा शिवावा म्हणून आपण हात जोडून ताटकळतो. तिथे पक्षी चालतो ना? भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्टही आपलीच. पैशांचं मात्र बरोबर आहे, विचारतो.

पाच_इंजेक्शनं
मला रस्त्यावरचं कुत्रं चावलं होतं. ०, ३, ७, १४, २८ अशा दिवसांची इंजेक्शनं घेतली. अजून कुत्रं दिसलं की पोटरीत कळ येते. माझे मिस्टर फेब्रुवारीत गेले. म्हणजे तुमच्या यादीत मी पहिली, आणि कट्ट्यावर यायचं बंद करणारीही मीच.

दोन_लॅबवाला
मी कुत्र्यांच्या बाजूने विरोध करतो. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये आपल्या जिंगल्स या कुत्र्याबद्दल लेख लिहिला, तिथून उपचारात कुत्र्याची मदत घेण्याला वजन आलं. पण तो मुलांवर उपचार करणारा जाणकार माणूस होता. तुमचा आहे तो विरंगुळा. त्याला थेरपी म्हणून खपवू नका. शिवाय लॅब आहे म्हणजे शिकवलेलाच, असंही नाही. रेबीजच्या लशीचं कार्ड बघा. जांभया देतोय, ओठ चाटतोय, मान फिरवतोय, म्हणजे तो कंटाळलाय किंवा घाबरलाय. पंधरा जणांनी एकदम डोक्यावरून हात फिरवला तर माझा शेरूसुद्धा टेबलाखाली जाईल. एका वेळी तीन-चार जण, मध्ये सुट्टी, पाणी, सावली. आणि मे महिन्यात तापलेल्या फरशीवर तर अजिबात नाही.

गोदाकाठ
तीन-चार जणांचं पटलं. कट्ट्याऐवजी सोसायटीचा हॉल घेऊ, म्हणजे पाच_इंजेक्शनं यांचाही कट्टा सुटणार नाही.

रात्रपाळी
एक राहिलं. महिनोन्‌महिने झोप नाही, जेवण तुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं कोणी म्हणत असेल, तर त्यांना रविवारपर्यंत थांबवू नका. डॉक्टर गाठा, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे.

गोदाकाठ
हे सूचनेत वर टाकायला सांगतो. बाबांनाही विचारलं. म्हणाले, "मी काय कुत्र्यापुढे रडत बसू? कोणाचं फिरवायचं असेल तर सांग, पहाटे सहाला मी मोकळाच असतो."

पंचवटीकर
याला पैसे पडत नाहीत. माझी हरकत नाही.

पाच_इंजेक्शनं
जॉगिंग ट्रॅकवर नको. सहाला तिथे मी असते.