मदत हवी आहे: इंदूर ते भुसावळ, फोन धरू की अ‍ॅटलस?

मंडळी, गणपतीला गाडीने इंदूरहून भुसावळला जायचंय. सिमरोल, बडवाह, सनावद, बुऱ्हाणपूर, मुक्ताईनगर असा बेत. बरोबर आई-बाबा आणि भाचा. वाट कोण दाखवणार यावरून घरात आत्तापासूनच जुंपली आहे.

बाबांकडे जुना रोड अ‍ॅटलस आहे. त्यात एबी रोड (आग्रा-मुंबई रस्ता) अजून राष्ट्रीय महामार्ग 3 आणि भुसावळचा रस्ता 6 आहे. 2010 मध्ये क्रमांक बदलले, आता इंदूर-धुळे 52 आणि भुसावळचा 53. मुक्ताईनगरला 53 ची पाटी दिसली की बाबा गाडी थांबवायला लावणार, लिहून घ्या! तरी पुस्तक टाकवत नाही. नर्मदा कुठे ओलांडायची, सातपुडा कुठे लागतो, असीरगड बुऱ्हाणपूरच्या किती अलीकडे, सगळं एका पानावर दिसतं. फोनवर तेवढा पट्टा बघायला नकाशा लहान केला की गावांची नावंच गायब.

भाचा म्हणतो, "मामा, फोन आहे ना!" मागे याच फोनमधल्या बाईने वेळ वाचेल म्हणून हायवेवरून खाली उतरवलं. निमाडातली कपाशी, दोन चाकोऱ्या आणि समोरून ट्रॅक्टर. मागे घेताना आरसा बाभळीला घासला.

घाटात रेंज गेली की जीपीएसही बंद पडतं का? आणि इंदुरात ताजा कागदी नकाशा कुठे मिळेल? खजुरी बाजारात विचारलं तर शाळेचा भिंतीवरचा नकाशा काढून दाखवला.

प्रतिसाद १
जीपीएसला रेंज लागत नाही. उपग्रह वीसेक हजार किलोमीटरवर, फोन फक्त त्यांचा सिग्नल पकडतो. नेट लागतं ते नकाशा उतरवायला आणि पुढची कोंडी कळायला. गूगल मॅप्समध्ये घरूनच इंदूर-भुसावळ पट्टा ऑफलाइन उतरवून ठेवा. त्यात ट्रॅफिक आणि पर्यायी रस्ते दिसत नाहीत, म्हणजे कपाशीत उतरवायची शक्यताही कमीच. सनावद आणि बुऱ्हाणपूर हे थांबे टाकून बघा, रस्ता भलतीकडे वळत नाही. गाडीतला चार्जर विसरू नका.

प्रतिसाद २
सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर 1:50,000 चे नकाशे मिळतात. ओढे, टेकड्या, पायवाटा झकास, पण एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, भुसावळपर्यंत पानांचा गठ्ठा होईल. ते ट्रेकला ठेवा. बाबांच्याच अ‍ॅटलसवर पेन्सिलीने नवे क्रमांक घाला, पुरे.

धागाकर्ता
दोघांचे आभार. पेन्सिल बाबांच्याच हाती दिली आहे. आता एकच: नर्मदा चढली की मोरटक्क्याचा पूल बंद करतात. निघण्याआधी त्याची खात्रीची खबर कुठे मिळते? बडवाह-सनावदकडचं कुणी आहे का इथे?