मदत हवी आहे: दादाचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, नवी गोळी आणि मुक्कामी ड्युटी

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. पोटाच्या जुनाट आजारातून गेलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

माझा मोठा भाऊ एसटीत कंडक्टर आहे, वय ३४. तीनेक वर्षांपूर्वी शौचाला रक्त आणि आव पडायला लागली. आधी मूळव्याध समजून मलमं झाली, मग अमिबा समजून मेट्रोनिडाझोलचे कोर्स झाले. वजन उतरतच राहिलं. शेवटी साताऱ्यात पोटाच्या डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी केली, तुकडा तपासायला पाठवला (बायोप्सी) आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा. गुदाशयापासून वर, मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला.

डॉक्टर मात्र फार चांगले मिळाले. पहिल्याच भेटीत कागदावर आतडं काढून सूज कुठपर्यंत आहे ते पेनाने रंगवून दाखवलं. वहिनीला मुद्दाम आत बोलावलं, आईच्या सगळ्या शंका ऐकून घेतल्या. "हा मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही, पण झोपवून ठेवता येतो," हे त्यांचे शब्द. तो कागद दादाच्या फाइलीत सगळ्यात वर असतो.

औषध सल्फासालाझिन आणि सोबत फॉलिक ॲसिड. आजार उसळला की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू, दर आठवड्याला ५ ने कमी. अडचण अशी की १०-१५ वर आलं की रक्त परत सुरू. हे पुन्हा पुन्हा झालंय. तोंड सुजलंय, रात्री झोप नाही, साखर वाढलीय, हिमोग्लोबिन ९ वर आलंय. आता डॉक्टर म्हणतात, स्टेरॉइडवर असं अवलंबून राहायचं नाही, ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू करू. विचार करून गुरुवारी या म्हणालेत.

घरी सगळे हबकलेत. गोळीच्या पाकिटातल्या कागदावर कॅन्सरचा उल्लेख आहे. लग्नाला चार वर्षं झाली, मूलबाळाचा विषय चालू आहे, त्यामुळे वहिनी या गोळीला जास्तच घाबरलीय. आईचं म्हणणं, सगळ्या गोळ्या बंद करून गुळवेलीचा काढा द्या. आईला दुखवायचंही नाही.

दुसरा प्रश्न ड्युटीचा. पाटणकडच्या एका गावाची मुक्कामी गाडी असते. कळ आली की दोन मिनिटंसुद्धा दम धरवत नाही. म्हणून तो ड्युटीवर पाणीच पीत नाही आणि दुपारचा डबा तसाच परत आणतो. तिकिटाच्या मशीनच्या पिशवीत एक जादा पँट घडी करून ठेवलेली असते. मला ती धुताना दिसली, तेव्हा कळलं. तो कुणाला बोलत नाही.

तर ॲझाथायोप्रिन घेतलेलं कुणी आहे का? डब्यात काय द्यावं? आणि डेपोत सांगावं की नाही?

माणदेशचा पाऊस

ताई, मी घेतो. आजार तोच, गोळी तीच, बरीच वर्षं झाली. माझंही स्टेरॉइड असंच सुटत नव्हतं, या गोळीने सुटलं.

ती लगेच काम करत नाही. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तोवर स्टेरॉइड हळूहळू कमी करत नेतात. "महिना झाला, फरक नाही" म्हणून सोडू नका. सुरुवातीला मला मळमळ व्हायची, रात्री जेवल्यावर घ्यायला लागलो तशी गेली. सुरुवातीचे दोन-तीन महिने रक्ततपासणी अगदी वेळच्या वेळी करायची: पांढऱ्या पेशी आणि लिव्हर. पुढे तीन महिन्यांनी एकदा चालते, पण बंद कधीच करायची नाही.

गुरुवारी डॉक्टरांना एनयूडीटी१५ या जनुकाच्या तपासणीबद्दल नक्की विचारा. आपल्याकडे काही लोकांत हे जनुक वेगळं असतं आणि नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी झपाट्याने खाली येतात, केससुद्धा गळतात. एकदाच रक्त द्यायचं असतं. रिपोर्ट चांगला आला तरी नेहमीच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. ताप आला, घसा धरला तर मेडिकलमधून गोळी आणून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी पेशी मोजून घ्या. आणि युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल कुणी लिहून दिलं, तर आधी ही गोळी चालू आहे हे सांगायलाच हवं. दोन्ही एकत्र घेणं धोक्याचं आहे.

कॅन्सरचं. लिम्फोमाचा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे खरं आहे. फ्रान्समध्ये १९ हजारांहून जास्त रुग्णांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. गोळी चालू असणाऱ्यांत वर्षाला हजारी एकाच्या आसपास, असं त्यात दिसलं. दुसऱ्या बाजूला आतडं वर्षानुवर्षं सुजलेलं राहिलं तर त्याचाही कॅन्सर होऊ शकतो, आणि कायम स्टेरॉइड घेतल्याने हाडं, डोळे, साखर सगळंच बिघडतं. मी हे दोन्ही समोर ठेवूनच ठरवलं. उन्हाचं मात्र सांभाळा, या गोळीवर कातडीला ऊन बाधतं. पूर्ण बाह्या आणि टोपी.

तालुक्याचा डॉक्टर

मी फिजिशियन आहे, पोटविकारतज्ज्ञ नाही. त्यामुळे हे सगळं त्यांच्याशी बोलण्यासाठी म्हणून लिहितोय, परस्पर काही बदलू नका.

मूलबाळाचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. सल्फासालाझिनमुळे पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी होते. हे नीट माहीत असलेलं आहे, आणि गोळी बदलली की साधारण दोन-तीन महिन्यांत ते पूर्ववत होतं. त्याच गटातल्या मेसालामाइनने असं होत नाही. या विषयावर त्या डॉक्टरांशी कुणी बोललं नसेल तर त्यांना कळणार कसं? वहिनींच्या तपासण्या सुरू करण्याआधी दादांची वीर्यतपासणी करून घ्या. आपल्याकडे आधी बाईलाच दवाखान्यात नेतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. ज्या गोळीला घरचे घाबरलेत, ती ॲझाथायोप्रिन वडिलांनी घेतलेली बाळासाठी सुरक्षित मानली जाते.

आता स्टेरॉइड कमी केल्यावर आजार परत येतो, त्याबद्दल. प्रत्येक वेळी आजारच उसळलेला असतो असं नाही. शौचाची क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठी तपासणी झालीय का? हा जंतू आत असेल तर लक्षणं हुबेहूब तशीच असतात आणि उपचार वेगळा. कॅलप्रोटेक्टिन म्हणजे शौचाचीच एक तपासणी, दर वेळी कोलोनोस्कोपी न करता सूज किती आहे याचा अंदाज येतो. प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि हेपॅटायटिस बी तपासून घेणं आपल्या देशात फार गरजेचं आहे. टीबी लपलेला असू शकतो. लसींचंही आत्ताच विचारा, जिवंत लसी नंतर देता येत नाहीत.

डाव्या बाजूचा आजार आहे म्हणून आणखी एक: मेसालामाइनचा एनिमा, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध. ते थेट सुजेवर पोचतं, आणि गोळी व एनिमा मिळून नुसत्या गोळीपेक्षा चांगलं काम करतात. पुरुषमंडळी लाजून नाही म्हणतात आणि डॉक्टरही मग आग्रह धरत नाहीत. रात्री डाव्या कुशीवर झोपून घ्यायचा, इतकंच. मुक्कामाच्या रात्री जमणार नाही, पण घरी असताना जमेल.

कंडक्टरची पाठ दुखतेच. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन टाळा, या आजारात ती आतड्याला त्रास देऊ शकतात. पॅरासिटामॉल चालेल. हिमोग्लोबिन ९ आणि आतडं सुजलेलं, अशा वेळी लोहाच्या गोळ्या अनेकांना सोसत नाहीत. शिरेतून लोह देता येतं. स्टेरॉइड चालू आहे तोवर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. आणि स्टेरॉइड कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं.

हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, आणि सोबत ताप किंवा नाडी ९०च्या वर. असं झालं की दाखल करायचं, सकाळची वाट बघायची नाही. ही खूण ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये घालून दिली, आजही तीच वापरतात. पोट फुगून ताठ झालं तर त्याहून घाई करा.

डब्यातली खिचडी

माझ्या मिस्टरांना हाच आजार. त्यांच्यासाठी मी जे करते ते सांगते, प्रत्येकाचं पोट वेगळं असतं.

उसळलेला असताना मऊ भात, मुगाच्या डाळीचं साधं वरण किंवा गुरगुट्या भात, वर तूप अगदी थोडं. भाज्या दुधी, पडवळ, लाल भोपळा, सालं काढून पूर्ण शिजवून. उकडलेलं अंडं, मासा चालत असेल तर मासा. प्रथिनं कमी पडू देऊ नका, शरीर आधीच झिजलेलं असतं. पिकलेलं केळं. सफरचंद सोलून वाफवून. या दिवसांत कच्चा कांदा, कोशिंबीर, मटकी, ठेचा, तीळ आणि शेंगदाण्याचा कूट नाही. कूट आपण सगळ्यातच घालतो, तेवढं लक्षात ठेवावं लागतं. उपवास असेल तर साबुदाण्याच्या खिचडीऐवजी वरीचा भात, कुटाशिवाय. दूध काहींना सोसत नाही, आमच्याकडे ताक सोसतं.

आजार शांत झाला की हे पथ्य सैल करा. भाकरी, पालेभाजी, डाळी एकेक करून परत आणा. लोक घाबरून वर्षानुवर्षं वरणभातावर राहतात आणि आणखी अशक्त होतात. एका वहीत लिहून ठेवा, काय खाल्लं आणि कसं गेलं. आमचे डॉक्टर ती वही वाचतात.

पाणी न पिण्याचं ऐकून वाईट वाटलं. जुलाब आणि वर पाणी बंद, चक्कर येऊन गाडीत पडतील, शिवाय मूत्रपिंडावर ताण. मिस्टर मार्केटिंगला फिरतात. निघण्याआधी दोन तास पोटभर खात नाहीत, पण पाण्याचा घोट घोट चालू, जुलाब असतील त्या दिवशी बाटलीत ओआरएस. थांबा आला की मग खायचं, थोडं थोडं. उपाशी राहून कळ थांबत नाही.

काढ्याचं सासूबाईंनी आमच्याकडेही काढलं होतं. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेल्या रुग्णांवर लेख प्रसिद्ध केला होता. ॲझाथायोप्रिन चालू असतानाही लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. मग काही झालं तर कशामुळे झालं हे कसं ओळखायचं? आईंना गुरुवारी सोबत घेऊन जा आणि त्यांनाच विचारू द्या. डॉक्टर ऐकून घेणारे आहेत ना, मग त्यांच्या तोंडून ऐकलेलं आईंना पटेल.

माणदेशचा पाऊस

काढ्याबद्दल सहमत. चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, एवढंच.

शेवटचा थांबा

मी डेपोत काम केलंय, निवृत्त आहे. पोरी, डेपोत सांगा. दादाने आधी आगारातल्या एका माणसाला विश्वासात घ्यावं, तोंडी. मग तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणि बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स जोडून लेखी अर्ज, आणि पोच घ्यायची. मागणी स्पष्ट लिहा: औषध लागू पडेपर्यंत मुक्कामी आणि लांब पल्ल्याची गाडी नको, आरक्षण किंवा चौकशीच्या खिडकीवर काम द्या. "तब्येत बरी नसते" असं मोघम लिहिलं की अर्ज पडून राहतो. आजाराचं नाव आणि 'शौचाची तातडी' हे शब्द डॉक्टरांनीच प्रमाणपत्रात लिहावेत.

आणि ड्रायव्हरला सांगून ठेवा. आमच्या वेळी एका कंडक्टरला मधुमेह होता, ड्रायव्हर न विचारता ठरलेल्या ठिकाणी गाडी उभी करायचा. प्रवासी एक अक्षर बोलायचे नाहीत.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दादाला आणि वहिनीला बसवून हे सगळं वाचून दाखवलं. सल्फासालाझिनचं ऐकून वहिनी रडायलाच लागली, कारण गेली दोन वर्षं सगळे तिलाच बोलत होते. दादा बराच वेळ गप्प होता, मग त्यानेच डॉक्टरांच्या असिस्टंटला फोन लावला.

आज जाऊन आलो, आईसकट. गोळी बदलून मेसालामाइन दिलीय, एनिमाही लिहून दिलाय. वीर्यतपासणी परवा. शौचाची तपासणी, एक्स-रे आणि हेपॅटायटिसचं रक्त आजच दिलं, एनयूडीटी१५चा नमुना पुण्याला जाईल. ते रिपोर्ट आले की ॲझाथायोप्रिन, कमी डोसपासून. लोह शिरेतून, पुढच्या आठवड्यात. आईने काढ्याचं विचारलं, डॉक्टर खुर्ची पुढे ओढून तिच्याशीच बोलले. ती सध्या थांबायला तयार झालीय.

प्रमाणपत्र मिळालं. काका, तुम्ही सांगितलेले शब्द त्यात आहेत. अर्ज उद्या देतोय.

खिचडीताई, एक राहिलं: डबा सकाळी सहाला भरला आणि दुपारी दोनला उघडला तर ताक-भात टिकतो का, की ताक वेगळं द्यावं?

डब्यातली खिचडी

वेगळं द्या, थर्मासात. भात आंबला तर त्याच दिवशी त्रास होतो.